दहा लक्षणांचं घर

“दहाच्या दहा लक्षणं जुळली, बुवा. मग आता अडलंय कुठं?”

विश्वंभराचा आवाज जरा चढाच होता.

नदीकाठच्या त्या मठात पोरकी मुलं यायची आणि आसपासच्या गावांतली माणसं त्यांना आपल्या घरी सांभाळायला न्यायची. कुठलं मूल कुठल्या घरी द्यायचं, ते विश्वंभर ठरवायचा. चांगल्या घराची दहा लक्षणं त्याने स्वतः शोधून काढली होती. पक्कं छप्पर, दारात दुभती गाय, हाकेच्या अंतरावर शाळा… पुढची सातही त्याला तोंडपाठ होती आणि तो ती कुणालाही ऐकवायला तयार असे.

मठाचे प्रमुख निरंजनबुवा डिंकाचे लाडू वळत बसले होते.

“मैना दोनदा परत आली,” ते म्हणाले.

“हट्टी आहे. का परत आलीस म्हणून विचारलं तर तोंडातून अक्षर काढत नाही. पण या खेपेला इनामदारांचं घर आहे. दहापैकी दहा!”

“आधीच्या दोन घरांत किती जुळली होती?”

“…दहाच.”

बुवांनी हातातला लाडू ताटात ठेवला.

“येऊ देत पाहुण्यांना.”

दौलतराव इनामदार सपत्नीक आले आणि ऐसपैस बसले. मागे दाराशी गोंदा कुंभार आणि त्याची बायको सारजा अंग चोरून टेकली. त्यांनाही मूल हवं होतं. विश्वंभराला त्यांच्या घरात जेमतेम चार लक्षणं सापडली होती.

मठाची रीत ठरलेली. मूल मधोमध उभं करायचं, पाहुण्यांनी न्याहाळायचं, चार प्रश्न विचारायचे. अगदी मुलगी बघायला आल्यासारखं. उत्तरं विश्वंभर द्यायचा. मूल बिचारं गांगरतं, असं त्याला मनापासून वाटे.

नऊ वर्षांची मैना आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

“इकडे बैस, बाळ.” बुवांनी स्वतःचं आसन पुढे सरकवलं. “आज तू घर बघणार. पाहुणे उभे राहतील.”

दौलतरावांनी विश्वंभराकडे पाहिलं. विश्वंभराने बुवांकडे. बुवा हसत होते. शेवटी सगळे उठले.

मैना आसनाच्या कडेवर टेकली…



“त्याचं असं आहे, तिला विचारायचंय की…” विश्वंभराने तोंड उघडलं. बुवांनी त्यात अख्खा लाडू कोंबला.

डिंकाचा लाडू तो. दात चिकटले, जीभ अडकली.

आणि त्या शांततेत एक बारीकसा आवाज आला.

“तुमच्याकडं कुत्रं हाय?”

“दोन आहेत, चांगली दांडगी!” दौलतराव फुशारकीने म्हणाले.

मैनाने पाय आत ओढून घेतले. विश्वंभराला पहिल्या घराच्या दारात बांधलेला तो कुत्रा आठवला. राखणीला कुत्रा, हे त्याचं सहावं लक्षण होतं.

“आमच्यात गाढव हाय,” गोंदा म्हणाला. “चावत न्हाई. पर माझं ऐकतबी न्हाई.”

मैना खुदकन हसली. मठात आल्यापासून पहिल्यांदा.

“मला मैनाच म्हणणार नव्हं?”

“अगं, आम्ही तुझं नाव राजलक्ष्मी ठेवू!” इनामदारीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

“मैना चांगलं हाय की,” सारजा म्हणाली. “दुसरं कशापायी?”

दुसऱ्या घरी हिला सगळे शकुंतला म्हणत. विश्वंभराला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं.  तो काही बोलू पाहत होता, पण लाडू जागचा हलेना.

मैनाने एक मोठा श्वास घेतला.

“माझ्यावर रागावलात तर… मला परत धाडणार?”

“छे गं! आमच्या घरात कुणी रागवतच नाही,” इनामदारीणबाई म्हणाल्या.

मैना सारजाकडे वळली.

“रागवंन की,” सारजा म्हणाली. “एखाद दिस बोलायची न्हाई तुझ्याशी. पर जेवायला हाक मारंन.”

मैना आसनावरून उतरली. मधल्या सगळ्यांतून वाट काढत तिने सारजाचा पदर मुठीत धरला.

सारजाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. गोंदा नुसताच मान हलवत राहिला. दौलतराव क्षणभर हिरमुसले, मग तेही हसले. “अहो, आमची गाय आहेच,” इनामदारीणबाई म्हणाल्या. “दूध न्यायला येत जा गं, मैने. कुत्री बांधून ठेवीन.”

गाढवावर कोण बसणार, याची चर्चा करत तिघं नदीकडे निघाली. मैनाच जास्त बोलत होती.

ती वळणाआड गेली तेव्हा कुठे विश्वंभराचा लाडू गिळून झाला.

“बुवा… ही पोर बोलायला कधी लागली?”

बुवांनी दुसरा लाडू वळायला घेतला.

“ती बोलतच होती रे… आज तू गप्प होतास.”