काठाला काठ

फार पूर्वी, एका उघड्या माळावर एक लहानसं गाव होतं. गावात एक चर्च, एक चिंच आणि एक विहीर. चर्चमध्ये माणसं रविवारी जात, चिंचेखाली रोज बसत, आणि विहिरीवर मात्र जरा जपून जात. कारण त्या विहिरीचा एक नियम होता.

हे गाव वसवणारी माणसं पूर्वी निरनिराळ्या गावांच्या वेशीबाहेर राहत. तिथल्या विहिरींना हात लावायची त्यांना मुभा नव्हती. लांब उभं राहायचं, ओंजळ पसरायची आणि वाट बघायची. कुणाला दया आली तर तो आपलं भांडं शिवणार नाही इतक्या उंचीवरून पाणी ओतायचा. निम्मं ओंजळीत पडायचं, निम्मं मातीत. पुढं ही माणसं प्रभू येशूच्या मागं चालू लागली, माळावर आली, आणि त्यांनी स्वतःची विहीर खणली.

पाणी लागलं त्या दिवशी सगळे काठावर जमले. पण पोहरा सोडायला कुणी पुढं होईना. जन्मभर ज्यांना दुसऱ्यानं पाणी घातलं त्यांना स्वतःच्या हातानं पाणी काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तेच समजेना. खूप वेळानं एक म्हातारा म्हणाला, "आपल्याला आजवर कुणी मानानं पाणी दिलं नाही. आपण एकमेकांना देऊया."

तेव्हापासून नियम झाला. कुणी स्वतःची घागर स्वतः भरायची नाही. रांगेत पहिल्यानं दुसऱ्याची भरायची, दुसऱ्यानं तिसऱ्याची, आणि सगळ्यात शेवटी येईल त्यानं पहिल्याची. ओतताना पोहऱ्याचा काठ घागरीच्या काठाला टेकवायचा. वरून ओतायचं नाही. आणि काठावर मिळालेलं पाणी देणाऱ्याला परत करायचं नाही. तो त्याचा अपमान.

एकदा राजाचा एक कारकून गाव पाहायला आला. त्यानं ही रांग पाहिली, डोकं खाजवलं, आणि प्रत्येकानं आपापली घागर भरली तर किती वेळ वाचेल याचा एक सविस्तर अहवाल लिहिला. तो अहवाल राजधानीत कुठल्याशा गठ्ठ्यात अजून सुखरूप आहे.

मात्र नियमात एक गोम होतीच. जो पहिला येई, त्याला पाणी सगळ्यांच्या शेवटी मिळे. गाव वसवणाऱ्यांना याचं काही वाटत नसे. ती माणसं पहिलं यायला धडपडत. त्यांची नातवंडं अधिक शहाणी निघाली. ती पहाटे रिकाम्या घागरी घेऊन चिंचेआड उभी राहत आणि कुणीतरी दुसरा पहिला जाईल म्हणून वाट बघत. तोवर तिथं हवापाण्याच्या गप्पा चालत. कुणी पहिला गेला, की बाकीचे लगबगीनं येऊन दुसरा नंबर पकडत. नियम कुणी मोडत नव्हतं. नुसता जरा वाकवला होता.

त्या गावात एक शिंपी होता. हात सुबक, स्वभाव टोकदार. आपल्याला कोण आधी सलाम करतो आणि कोण नंतर, याच्यावर त्याचं बारीक लक्ष असे. गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, हातात झावळ्या घेऊन निघालेल्या मिरवणुकीत लोहार त्याच्या मागं चालत होता. लोहाराची झावळी नको तितकी लांब होती. ती शिंप्याच्या फेट्यात अडकली, आणि फेटा भर रस्त्यात सुटला. लोहारानं माफी मागायची, तर तो म्हणाला, "सैल बांधला असशील." शिंप्याला, आणि सैल! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं. काही सांगायचंच झालं तर समोरासमोर उभं राहून ते तिसऱ्याच कशाला तरी सांगत. कधी बैलाला, कधी भिंतीला.

त्या उन्हाळ्यात विहीर पार खाली गेली होती. घराला रोज एकच घागर, असं ठरलं होतं. आणि त्यातच शिंप्याची बायको तापानं फणफणली.

गावात झाडपाला देणारी राहेलआजी होती. तिनं येऊन कपाळ पाहिलं आणि सांगितलं, "ताप डोक्यात चढू देऊ नकोस. ओल्या पट्ट्या ठेवत राहा, कोरडी पडली की बदल." शिंपी दिवसभर बायकोजवळ बसून राहिला. रांगेला गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास पट्टी भिजवायला गेला तर घरात थेंब नव्हता. बायको डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. त्यानं घागर उचलली आणि धावत सुटला.

आणि त्या घाईत, त्या गावात कुणी शुद्धीवर असताना करणार नाही ती चूक त्यानं केली. चिंचेआड न थांबता तो थेट काठावर जाऊन उभा राहिला. पहिला!

चिंचेमागून एक धिप्पाड माणूस तत्परतेनं बाहेर आला आणि त्याच्या मागं उभा राहिला. तो लोहार होता.

लोहारानं रहाटाकडं पाहिलं आणि रहाटाला म्हणाला, "काही लोकांना शेवटी पाणी न्यायची फार घाई असते."

शिंपीही रहाटाला म्हणाला, "काही लोक झाडामागं लपतात. एवढं मोठं अंग घेऊन लपतात कसे, हेच नवल."

मागं रांग वाढू लागली.

शिंप्याच्या ध्यानात आता आलं होतं की आपण काय करून बसलो. खरं तर सुटका अगदी सोपी होती. नियमात अडल्यानडल्याला वाट ठेवलेली होती: मागच्याला सांगायचं, "माझी अडचण आहे," आणि मागच्यानं म्हणायचं, "आधी तुझी भर." कुणी आजवर नाही म्हटलं नव्हतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण ते लोहाराला बोलायचं होतं. लोहाराला, आणि लोहार ते वर्षभर सगळ्यांना सांगणार! शिंप्यानं पोहरा जवळ ओढला.

त्यानं पोहरा सोडला. दोर पुष्कळ खाली गेला, तेव्हा कुठं पाण्याचा आवाज आला. तो ओढू लागला. पोहरा वर येत होता आणि त्याचं मन एकेका हाताबरोबर खाली चाललं होतं. आपली घागर पायाशीच आहे. ओतायचं आणि पळत सुटायचं. लोक काय म्हणतील ते म्हणोत. बायको जळतेय तिकडं.

पोहरा काठावर आला. आत जेमतेम एका घागरीपुरतं पाणी होतं. निवळ, थंड, हलणारं.

त्याची बायको त्याला रोज एक विचारी. पाणी आणलं का, असं नव्हे. ती विचारी, "आज कुणाला पाणी घातलंत?" आणि तो नाव सांगे. मग तिचा चेहरा असा होई, जसं त्यानं घरात पाण्याबरोबर आणखीही काही आणलंय. आज ती शुद्धीवर येईल आणि विचारील. तिला काय सांगायचं? 'स्वतःलाच घातलं' म्हणून?

तो वळला. लोहाराची घागर समोर होती. 'देतो,' तो मनात म्हणाला, 'पण मला हवं तसं देतो.' त्यानं पोहरा छातीइतका वर धरला. वरून ओतायचं, सांडलं तर सांडलं, हवं तर ओंजळ धर म्हणावं.

आणि पोहरा तसा हातात धरलेला असताना त्याच्या अंगावर काटा आला. उंचावरून ओतणारा हात. ओंजळ पसरून उभा असलेला माणूस. निम्मं पाणी मातीत. हे त्यानं लहानपणी आजोबांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं, आणि ऐकताना प्रत्येक वेळी तो ओंजळीच्या बाजूला उभा असे. आज पहिल्यांदा तो दुसऱ्या बाजूला उभा होता. त्यासाठी फारसं काही करावंही लागलं नव्हतं. एक फेटा सुटला होता, बस्स.

तो गुडघ्यावर बसला. पोहऱ्याचा काठ त्यानं लोहाराच्या घागरीच्या काठाला टेकवला. पाणी सरळ आत उतरलं. एक थेंबही बाहेर गेला नाही.

लोहार रहाटाशी काहीतरी बोलणार होता. ते सोडून त्यानं पोहरा हातात घेतला.

आता लोहारानं राहेलआजीची घागर भरायची होती, कारण ती तिसरी होती. लोहार पोहरा ओढत असताना आजीनं पुढं डोकावून मोठ्यानं विचारलं, "अरे, शिंपीण कशी आहे? ओल्या पट्ट्या ठेवतोयस ना?"

शिंपी म्हणाला, "ठेवत होतो."

"पाणी आहे ना घरात?"

शिंपी खाली वाकून उगाच दोर नीट करू लागला. आजी कानानं अधू होती. तिला वाटलं, हो म्हणाला. "मग झालं तर," ती म्हणाली.

लोहार कानानं अधू नव्हता. त्यानं आजीची घागर काठाला काठ लावून भरली, आपली घागर खांद्यावर घेतली आणि निघाला. तो कुठल्या दिशेनं गेला ते शिंप्यानं पाहिलं नाही. लोहाराकडं बघायचंच नाही, हा त्याचा वर्षभराचा नेम होता आणि तो त्यानं या वेळीही पाळला.

रांग पुढं सरकत राहिली. एकानं दुसऱ्याची, दुसऱ्यानं तिसऱ्याची. शिंपी बाजूला रिकामी घागर घेऊन उभा. ऊन वर आलं. पोहरा वर येताना आता गढूळ येऊ लागला, मग अर्धा, मग तळाला खरवडल्याचा आवाज. रांगेत शेवटी चर्चचे पाळक होते. त्यांच्या घागरीत पुढच्यानं घातलं ते निम्म्याहूनही कमी होतं. त्यांनी शिंप्यासाठी पोहरा सोडला आणि ओढला. वर नुसता चिखल आला.

पाळकांनी आपलीच घागर उचलली, तिचा काठ शिंप्याच्या घागरीला टेकवला, आणि अर्धं पाणी त्याला दिलं.

"तुमच्या घरी पोरं आहेत, पाळकसाहेब," शिंपी म्हणाला.

"आहेत," पाळक म्हणाले. "तू जा. पळ."

तो पळाला. हिंदकळेल म्हणून सावकाश, आणि उशीर होईल म्हणून भरभर. दोन्ही एकदम करता येत नाही, तरी त्यानं केलं. दाराशी पोचला आणि उंबऱ्यात थबकला.

आत बायकोच्या कपाळावर ओली पट्टी होती. जवळ लोहार मांडी घालून बसला होता. घण उचलणाऱ्या त्या काळ्या, राकट हातांत त्यानं दुसरी पट्टी धरली होती आणि खाली ताट ठेवून तो ती हलकेच पिळत होता, थेंब वाया जाऊ नये म्हणून. शेजारी त्याची घागर होती. जवळजवळ रिकामी.

बायकोचे डोळे उघडे होते. ती क्षीण आवाजात म्हणाली, "हे केव्हाचे बसलेत. आणि दाराच्या चौकटीशी बोलतायत."

लोहारानं वर पाहिलं, आणि चौकटीलाच म्हणाला, "ताप उतरतोय म्हणावं. पहिल्या पट्टीची वाफ झाली. आता नाही होत."

शिंप्यानं आत येऊन घागर जपून खाली ठेवली. मग तो म्हणाला: "चौकटीला काय सांगतोस? मी उभा आहे ना इथं."

"मग बस की," लोहार म्हणाला.

तो बसला. घागरीच्या तळाशी उरलेल्या पाण्याकडं पाहत राहिला. हे तेच पाणी. आपण वैऱ्याला देतोय असं समजून, दात आवळून ओतलेलं. आपण ते कुणासाठी ओतत होतो, हे आपल्याला माहीतच नव्हतं. पोहरा छातीइतका उंच धरला होता, तो क्षण त्याला आठवला. तसंच वरून ओतलं असतं तर निम्मं मातीत गेलं असतं, आणि ते निम्मं या कपाळावरचं होतं. चर्चमध्ये त्यानं डोकं पुष्कळदा झुकवलं होतं, पण प्रभू इतका जवळ, हाताच्या अंतरावर उभा असेल आणि आपण त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला निघालो असू, असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. पट्टीतून ताटात पडणारे थेंब ऐकू येत होते, आणि शिंप्याला ते चर्चच्या घंटेहून मोठे वाटले.

थोड्या वेळानं लोहार आपली रिकामी झालेली घागर घेऊन उठला. दाराशी जाऊन थांबला.

"शिंप्या," तो म्हणाला, सरळ त्याच्याकडं बघून, "माझ्या घरी आज पाणी नाही. तुझ्या घागरीतलं थोडं दे."

इतकं सोपं. जे वाक्य शिंप्याला सकाळी काठावर बोलता आलं नव्हतं, ते हा माणूस, मीठ मागावं तसं बोलून गेला होता. शिंपी उठला. पाळकांनी दिलेलं पाणी घेऊन तो लोहारापुढं आला, गुडघ्यावर बसला, आणि काठाला काठ टेकवला.

"पुरे," लोहार म्हणाला. "तुलाही लागेल."

"गप उभा राहा," शिंपी म्हणाला. "मला ओतू दे."

तात्पर्य: ज्याला मान देताना हात जड होतो, त्याच्यापासूनच सुरुवात करावी, बाकीच्यांना मान द्यायला आपलं काही खर्च होत नाही. आणि अडचण आली तर मागावंही त्याच्याकडेच, कारण मागणं हाही त्याचा मानच आहे. आपण कुणाच्या घागरीत ओततोय, हे प्रभू आपल्याला आधी कधीच सांगत नाही.