भिवराईची पंगत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटाच्या पायथ्याला हिरडवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात भिवराई नावाची सुईण राहत होती. तिचा हात इतका हलका, की तिच्या हातात आलेलं मूल रडायच्या आधी हसायचं, असं म्हणतात.

त्या काळी गावाने ओढ्याला बांध घातला. खाचरं पाण्याने भरली आणि भात उदंड पिकू लागला. बायका तो कांडून कांडून मोत्यासारखा पांढरा करायच्या. मग नाचणीची भाकरी कोण खाणार? हुलगे बैलांपुढे गेले, रानातली भाजी रानातच वाळली. सकाळी भात, संध्याकाळी भात. आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, आणि शेवटी बायका. बायकांच्या वाट्याला भांड्याच्या तळाची खरवड आणि पेज.

दोनतीन वर्षं सुखात गेली. मग पोरं दिवेलागणीला चाचपडू लागली. ऊन उतरलं की त्यांना अंगणातून घराचं दार दिसेना. बायकांचे ओठ पांढरे पडले. एका पावसाळ्यात भिवराईच्या डोळ्यांदेखत दोन बाळंतिणी गेल्या. लोक म्हणाले, ओढ्यावरची देवी, आसरा, कोपली. त्यांनी कोंबडी दिली, नारळ फोडले. काही फरक पडला नाही.

भिवराईला घास गोड लागेना. एक दिवस ती सरपणासाठी डोंगर चढली. वर ठाकरांची वस्ती होती. सूर्य बुडाला होता आणि ठाकरांची पोरं अंधुक उजेडात शेळ्यांमागे हरणासारखी पळत होती. एकही अडखळत नव्हतं. भिवराई चार दिवस तिथेच राहिली. त्यांच्यात बसून जेवली. नाचणीची भाकरी, हुलग्याचं कळण, टाकळ्याची भाजी, ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. सगळं घर एकाच वेळी जेवायला बसायचं, म्हातारीपासून रांगत्या पोरापर्यंत.

ती खाली आली आणि ठाकरांसारखं जेवा, असं दारोदार सांगत फिरली. लोक हसले. "टाकळा? अगं, तो उकिरड्यावर उगवतो!" म्हणाले.

अशात पाटलांची सून मैना हिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती खांब धरून उभी राहू लागली. पाटलीणबाईंनी घाबरून भिवराईला बोलावलं.

भिवराई उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "मी येते, वहिनी. पण आजपासून मैना तुमच्या सगळ्यांसोबत जेवेल. आणि ताटात मी सांगेन ते पडेल."

"सासऱ्यासमोर सून जेवायला बसणार?" पाटलीणबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोक बाळंतपण निभावणार आहेत का?"

पाटील तेव्हा जेवतच होते. त्यांनी आपल्या ताटाकडे पाहिलं, मग दाराशी टेकलेल्या सुनेकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग ते पाटावरून उठले, पाट बाजूला सरकवला आणि म्हणाले, "बस, पोरी."

मैना बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती.

दुसऱ्या दिवशी भिवराई टोपली घेऊन निघाली. कुणाच्या कणगीच्या तळाची नाचणी तिने घेतली, कुणाचे हुलगे, कुणाचे तीळ, कुणाच्या परसातला शेवग्याचा पाला. ती बांधावरून चालली आणि तिच्या पावलांमागे टाकळा उगवत गेला, असं म्हणतात. पाटलांच्या अंगणात तिने मोठं भांडं चुलीवर चढवलं. चेष्टा करायला आलेले वासाने थांबले, आणि थांबलेले बसले. सगळं गाव जेवलं तरी पळी तळाला लागली नाही, असं म्हणतात.

भिवराईने भात बंद केला नाही. ती म्हणायची, "भात हवाच. फक्त त्याला एकटा सोडू नका. आणि इतकाही कांडू नका, की त्याचा जीव कोंड्यात जाईल." धोंडू गुरव मात्र अतीच उत्साही. तो सकाळ-संध्याकाळ नुसता पाला खाऊ लागला आणि पोट धरून तिच्याकडे आला. "तू काय शेळी आहेस?" भिवराई म्हणाली आणि तिने त्याला दहीभात वाढला. होळीला कुणी पुरणपोळी नको म्हटलं, तर त्यालाही ती रागवायची. सणाला मन भरून खा, म्हणायची.

पुढे एका संध्याकाळी गुरं परतत होती. पारावर बसलेली एक मुलगी एकदम ओरडली, "आमची कपिला आली! मला दिसतेय!" दुसरी पोरंही ओरडू लागली. ज्याला त्याला आपापली गाय दिसत होती. आया धावत बाहेर आल्या, आणि त्या सांजेला हिरडवाडीत दिवे लावायचं कुणाला भान राहिलं नाही.

मैना सुखरूप सुटली. मुलगी झाली. ती इतकी गुटगुटीत, की तिला सुपात ठेवल्यावर सूप वाकलं, असं म्हणतात. पाटलीणबाईंनी स्वतःच्या हाताने नाचणी दळली आणि सुनेला मऊ भाकरी करून वाढली.

भिवराई खूप जगली. म्हातारपणी एका श्रावणात ती भाजी खुडायला डोंगरावर गेली आणि परत आली नाही. लोकांना नुसती टोपली सापडली. तिच्या विणीतून हिरवे कोंब वर आले होते.

आजही श्रावणात हिरडवाडी भिवराईची पंगत घालते. शेजारच्या घराने आणलं ते आपण आणायचं नाही, असा नेम आहे. त्यामुळे पानावर काय काय येतं ते विचारू नका. पोटुशी बाई पहिल्या पानावर बसते, पुरुष वाढतात.

पण पंगत वर्षातून एकदाच. रोजची रीत वेगळी आहे. जिने रांधलं तिचं ताट वाढून झाल्याशिवाय आणि ती येऊन बसल्याशिवाय त्या गावात कुणी पहिला घास उचलत नाही. पाहुण्यांना घाई असते. ते म्हणतात, अन्न निवतंय.

घरातले म्हणतात, निवू दे.