राजासाठी केलेला दाण्यांचा गारवा

फार पूर्वीची गोष्ट. चंद्रावर तेव्हा डागसुद्धा पडले नव्हते. एका राज्यात असा उन्हाळा असे, की माणसं रस्त्याने चालत आणि त्यांच्या सावल्या मात्र झाडाखाली जाऊन बसत. दिवस कलला की ज्याने त्याने आपापली सावली ओळखून घरी न्यायची. हसा, हसून घ्या. पुढे हसायला फारसं मिळणार नाही.

त्या राज्यातल्या एका गावाने उन्हाळ्यावर उतारा शोधून काढला होता. दाण्यांचा गारवा. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची आणि दाण्यांना तेल सुटून लोण्यासारखा गोळा होईपर्यंत ते पाट्यावर वाटायचे. इकडे आटवलेलं दूध खडीसाखर घालून चरवीत भरायचं. ती चरवी बर्फ आणि मीठ भरलेल्या घंगाळात ठेवून गरागरा फिरवायची. दूध गोठलं की त्यात दाण्यांचा गोळा घुसळायचा, वरून गार दूध ओतायचं आणि पेला तोंडाला लावायचा. बर्फ उत्तरेच्या डोंगरावरून भुशात गुंडाळून उंटावर येई. उंट वाटेत शिंकत.

या गावात एक म्हातारी होती. तिच्या हातचा गारवा पिऊन म्हणे एक माणूस तिरडीवरून उठला आणि दुसरा पेला मागून बसला. तो माणूस मला भेटलेला नाही. त्याचा भाऊ भेटला होता.

म्हातारीचा हात मोठा, पण कान छोटे. एकदा शेजारीण म्हणाली, "काकू, आज साखर जरा कमी वाटते." त्यावर म्हातारी अकरा वर्षं तिच्याशी बोलली नाही. तिच्या कोंबड्यांशीसुद्धा बोलली नाही. तेव्हापासून सारा गाव तिच्या पेल्याला एकच शब्द म्हणे. अमृत!

म्हातारीला एक मुलगा होता. राजाचे शिपाई त्याला सरहद्दीच्या गडावर घेऊन गेले होते. दहा वर्षांची चाकरी, त्यातली तीन सरली होती. घरी उरल्या दोघी, म्हातारी आणि तिची सून. दोघी रोज एकाच दाराकडे बघत, पण एकमेकींकडे क्वचित.

एके दिवशी दवंडी आली. राजाची आई याच गावची होती आणि ती नुकतीच वारली होती. लहानपणी तिच्या हातचा गारवा पिऊन राजा उन्हाळे काढी. राजवाड्यातल्या आचाऱ्यांना काही ती चव साधेना. म्हणून राजा स्वतः गावात येणार होता. घरात, घरच्या माणसाने केलेला गारवा त्याला प्यायचा होता. आईची चव लागली, तर करणाऱ्याने काहीही मागावं.

गावाने एकमुखाने म्हातारीचं नाव सांगितलं. काय मागायचं, हे तिला विचारावं लागलं नाही.

राजा यायच्या दिवशी म्हातारीने कोनाड्यातून एक मडकं काढलं. मुलगा गडावर गेला त्या वर्षीचे, त्यानेच पेरलेले दाणे त्यात होते. ते तिने सोलून, निवडून राखून ठेवले होते. तीन उन्हाळे मडकं तसंच झाकलेलं होतं.

सुनेने दाणे भाजले आणि वाटायला घेतले. चार हात फिरवले आणि ती थांबली.

"आत्याबाई, दाणे खवट झालेत."

"काय झालेत?"

"खवट. वास बघा. माळ्यावर यंदाच्या शेंगा आहेत. मी आत्ता फोडते, घटकाभरात होतील."

"त्या तुझ्या माहेरून आलेल्या?"

"शेंगांना कसलं आलंय माहेर, आत्याबाई!"

"माझ्या लेकाने पेरलेले दाणे हे. त्याच्यासाठी करायचं, तर त्याच्याच दाण्यांचं करायचं. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून दाणे वाटतेय मी. मला वास शिकवतेस?"

तिने गोळा नाकाशी धरला. नाकाला काही कळलं नाही. जन्मभर तंबाखूची मिश्री दातांना लावून तिचं नाक आणि जीभ दोन्ही केव्हाच विझली होती. हे सबंध गावाला माहीत होतं, एक तिला सोडून.

"एवढंसं जिभेवर ठेवून तर बघा," सून म्हणाली.

"पाहुण्याचं उष्टं करू? आणि तेही राजाचं?"

त्या गावात तशी रीतच होती. पाहुण्यासाठी रांधलेलं आधी चाखायचं नाही. सून पुन्हा वाटायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, "पाट्यावर टिपं गाळू नकोस, खारट होईल."

शेजारणी चरवी फिरवायला आल्या. दारातच त्यांच्या नाकात वास भरला. एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने छपराकडे.

"कसं जमलंय?" म्हातारीने विचारलं.

"काकू, तुमच्या हातचं म्हणजे अमृत!"

राजा आला, पाटावर बसला. त्याच्या चाखणाऱ्याने आधी एक घोट घेतला. त्याचं तोंड वाकडं झालं, पण विष आहे की नाही एवढंच बघायचं त्याचं काम. तो मेला नाही, म्हणून पेला राजापुढे गेला.

राजाने डोळे मिटून घोट घेतला. डोळे उघडले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आधी राग नव्हता. दारापर्यंत येऊन आई परत फिरावी, असं काहीतरी होतं. राग मागून आला.

"आजी, तू हे चाखलंस?"

"नाही महाराज. पाहुण्याचं उष्टं करत नाही आम्ही."

"आता चाख."

म्हातारी प्यायली. तिला फक्त गार लागलं. "चांगलं आहे की, महाराज," ती म्हणाली. खरंच तिला तसं वाटत होतं.

राजा सुनेकडे वळला. "तू सांग."

सुनेने पेला ओठाला लावला. तिचा नवरा त्या पेल्यात होता. ती खोटं बोलली असती, पण राजाच्या जिभेला ते कसं पटवणार?

"खवट आहे, महाराज."

"तुला कधी कळलं?"

"वाटताना."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेची नजर सासूकडे गेली. शेजारणी पायांकडे बघू लागल्या. राजाने एकेकीचा चेहरा पाहिला, आणि त्याला समजायचं ते समजलं.

"माझं वचन चवीचं होतं," तो उठत म्हणाला. "आईच्या नावाचं होतं, म्हणून त्यात मी सूट देणार नाही."

घोडे गेले. धूळ खाली बसली. म्हातारी तिथेच बसून होती. तिने शेजारणींना विचारलं, "तुम्हा सगळ्यांना कळलं होतं?"

"हो, काकू."

"मग मला का नाही सांगितलंत?"

यावर सुनेने उत्तर दिलं, आणि तिचा आवाज चढला नाही हेच वाईट. "सांगितलं होतं, आत्याबाई."

मुलगा आणखी सात वर्षं गडावर राहिला. त्या सात वर्षांत म्हातारी बदलली, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, माणसं बदलत नाहीत. दर उन्हाळ्यात ती गारवा करी आणि पळी घेऊन उंबऱ्यात उभी राही. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून म्हणे, "चाखा हो. खरं सांगा. काही कमी असेल तर सांगा, पाया पडते."

माणसं चाखत. कधी त्यात साखर दोनदा पडलेली असे, कधी मुळीच नसे. कधी दूध नासलेलं असे. माणसं तोंड पुसत, तिच्याकडे हसून बघत आणि म्हणत, "अमृत!"

तात्पर्य: सांगणाऱ्याचं तोंड एकदा बंद केलं, की पुढे पाया पडूनही ते खरं बोलायला उघडत नाही.