नदीकाठचा पाटा

माणसाला घर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. सावरीची टोळी वर्षातून एकदा नदीकाठी यायची, रानातले जव झोडायची, दगडी पाट्यावर भरडून खायची. जव संपले की सावरी पाटा झाडाखाली पालथा घालायची आणि टोळी पुढं चालू लागायची.

पाट्याला मागं एकटं पडायचा कंटाळा आला. तो म्हणाला, "बाई, मलाही ने की."

"तुला उचलायला हत्ती हवा," सावरी हसली.

"मग तूच राहा."

चालून चालून सगळ्यांनाच वीट आला होता. सावरीनं उरलेले जव ओल्या मातीत टाकले आणि टोळी राहिली. पुढल्या साली चिक्कार पिकलं, मग पोरंही वाढली. आता रोज उठल्यापासून भरडणं. पाट्याच्या पोटाला खळगा पडला, सावरीच्या गुडघ्यांना घट्टे पडले.

एक दिवस पाटा म्हणाला, "दमलो गं बाई. चार महिने पालथा घाल मला."

सावरीनं कंबर धरली. "घालते. पण खाणारी नऊ तोंडं बसलीत, त्यांना काय सांगू ते तूच सांग."

सावरीनं जवांची टोपली जवळ ओढली.

"बोल की. 'तूच राहा' म्हणताना बरं तोंड फुटलं होतं तुला," असं म्हणत सावरीनं पुढची मूठ टाकली.