रिकामी पाठ

“ओझं उतरवलंस ना वर? मग वाकलेला का रे?”

चांगोबाबाने विचारलं तेव्हा कमळू मोकळ्या हातांनी डोंगर उतरत होता. सिमेंटच्या दोन गोण्या एकदम पाठीवर घेऊन, मधे कुठेही न टेकता, त्याने वरच्या गावात पोचवल्या होत्या. गावाला गाडीरस्ता नाही. मिठापासून कपाटापर्यंत सगळं हमालांच्या पाठीवरूनच जायचं.

निम्म्या चढणीवर कंबरभर उंचीचा दगडी ओटा होता. सगळे हमाल तिथं ओझं टेकवत, दम खात, मग पुढं जात. चांगोबाबाही कधीकाळी हमालच. आता ओट्याशेजारी झोपडी बांधून राहायचा.

कमळू तेवढा टेकत नसे. “ओटा म्हाताऱ्यांसाठी,” म्हणायचा. तोरा तर विचारू नका!

“वाकायची सवय झालीय,” तो म्हणाला.

“आणि पाय का ओढतोस?”

कमळूने मांडी चोळली. आठवडाभर डावा पाय बधिर होता आणि त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याच्याबरोबरच्या हिरू हमालाचंही असंच सुरू झालं होतं. हिरू दोन वर्षं खाटेवर आहे. कमळूला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलायचं?

“बाबा... ओझं टाकलं, तरी उतरत नाही.”

“मग टेकव.”

“काय टेकवू? पाठ रिकामी आहे!”

“टेकव तर खरं.”

म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून तो हसत वळला आणि पाठ ओट्याला लावली.

धप्प!

ओटा हादरला. धूळ उडाली. कमळूची कंबर आपोआप सरळ झाली. त्याने झर्रकन मागे पाहिलं.

ओट्यावर कोणी नव्हतं. फटींतून उगवलेलं गवत मात्र हळूहळू दबत गेलं, कोणी ऐसपैस बसावं तसं...

भर उन्हात कमळूच्या अंगावर काटा आला. बाबाने निमूट आपली काठी उचलून जागा करून दिली.

“गेलं का?” कमळूने दबक्या आवाजात विचारलं.

“उतरलं.”

कमळूने चार पावलं टाकून बघितली. पाय हलका! भीती कुठल्या कुठे पळाली.

“बघाच बाबा, उद्या हॉटेलवाल्यांचा फ्रिज एकटा नेतो. न थांबता!”

बाबाने काठीने दबलेल्या गवताकडे दाखवलं.

“ने की. पण इथं न टेकता गेलास, तर ते उठून मागं येईल... तुझं घर त्याला ठाऊक आहे.”