कपारीतले मखमली झाड

एका डोंगराच्या कपारीत एक म्हातारे साळिंदर राहत असे. मुलांनो, त्याच्या अंगावर काटेच काटे. त्याच्याजवळ कोणी येत नसे आणि तेही कोणाकडे जात नसे. मऊ म्हणावी अशी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. कपारीच्या तोंडाशी, ऊन थेट लागणार नाही अशा जागी, त्याने एक लहानसे झाड वाढवले होते. पाने मखमलीसारखी, फुले जांभळी. शेजारच्या कासवाने मरण्यापूर्वी त्याला एक पान दिले होते. "ओल्या मातीत खोच. पाणी मुळाशी घाल, पानावर नको," एवढेच ते म्हणाले होते. त्या एका पानाचे हे झाड झाले.

डोंगराच्या पायथ्याशी एक घूस राहत असे. ती रोज वर येई आणि दुरूनच झाडाकडे बघत बसे. एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, मला एक पान द्या ना. बिळाच्या दाराशी माती भुसभुशीत करून ठेवली आहे."

"तुला? मुळं कुरतडणारी तू!"

"आणि तुम्ही काय वारा खाऊन जगता?" घूस हसली. "कासवाने नाही का तुम्हाला दिलं?"

साळिंदराने काटे उभे केले. "कासव गेलं. आता झाड माझं. तुझ्या दारात फुललं, तर माझं झाड बघायला कोण येईल?"

घूस निघून गेली. पुन्हा वर आली नाही.

थंडी पडली. झाड सुकेल या भीतीने साळिंदर त्याला पुन्हा पुन्हा पाणी घालू लागले. मुळे कुजली. एका सकाळी सगळी पाने लोळागोळा होऊन पडली. साळिंदराने एकेक पान उचलून मातीत खोचून पाहिले. तीही सडली. मग ते डोंगर उतरून घुशीच्या दारात गेले.

"एखादं पान चोरून आणलं होतंस का गं? आणलं असशील तर मी रागावणार नाही."

"नाही हो, आजोबा. तुम्ही नको म्हणालात ना."

दाराशी भुसभुशीत माती तशीच होती. तिच्यात काहीच उगवलेले नव्हते. साळिंदर एकटेच डोंगर चढून गेले. पुढे त्या कपारीकडे कोणी फिरकले नाही.

तात्पर्य : ज्या झाडाचे एक पानही आपण दुसऱ्याच्या दारी लावू देत नाही, ते आपल्या एका चुकीने कायमचे संपते.