रांगेचा शंख

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे किनाऱ्यावर पहिलं रिसॉर्ट उघडलं ना, तेव्हाची गोष्ट. तिथले शंखात राहणारे खेकडे एकदम भारी पद्धतीनं घर बदलायचे! मोठा रिकामा शंख दिसला की सगळे रांग लावायचे. पहिला त्यात शिरला की दुसरा पहिल्याच्या जुन्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या, असं शेवटच्या पिल्लापर्यंत.

त्या दिवशी भिकूदादा सगळ्यांत पुढे. तो जुन्यातून बाहेर आला, मागच्यांनी भराभर घरं बदललीसुद्धा, आणि तेवढ्यात फिरायला आलेल्या एका मुलीनं नवा शंखच उचलला! "आई, दुकानातल्यापेक्षा भारी! आणि कुणाचाच नाहीये!"

वर घार फिरत होती. मागची सखू ओरडली, "दादा, परत या, मी निघते तुमच्या घरातून!"

दादानं मागे पाहिलं. शेवटचं उघडं पिल्लू आज पहिल्यांदाच शंखात शिरलं होतं. "राहू दे गं," म्हणत तो तसाच मुलीमागे पळाला आणि तिच्या चपलेवर चढला.

मुलगी दचकली. "अय्या! हा तुझा होता?"

"माझा एकट्याचा कुठला? रांगेचा आहे," दादा धापा टाकत म्हणाला.

मुलीनं शंख वाळूवर ठेवला आणि पिशवीत गोळा केलेले बाकीचे शंखही एकेक करून बाहेर काढायला लागली.